पऱ्हाटीचं वेळापत्रक आणि दहावीची परीक्षा

वऱ्हाडात मोठ्या वयाचं माणूस शिकायला निघालं की लोक पहिला प्रश्न पैशाचा विचारतात आणि दुसरा वयाचा. अकोला आणि अमरावती जिल्ह्यांत गेली काही वर्षं मी अशा माणसांशी बोलतो आहे. त्यात शेतमजूर बाया आहेत, जिनिंगमधले हमाल आहेत, गवंडी आहेत, अंगणवाडीच्या मदतनीस आहेत. माझं झेरॉक्सचं दुकान असल्यामुळे ही माणसं कागद घेऊन आपसूक माझ्यापर्यंत येतात. त्यांच्याशी बोलून माझं मत असं झालं आहे, की अडचण पैशाची असते आणि वयाचीही असते, पण माणूस मध्येच सोडून देतो तो बहुतेक वेळा तिसऱ्याच कारणाने. ते कारण आहे महिना.

आपल्याकडचं पिकाचं वर्ष पाहा. जूनच्या शेवटी पेरणी होते. जुलै-ऑगस्टात डवरणी आणि निंदण, दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची सोंगणी. दिवाळी आली की सीतादही करून कापसाचा पहिला वेचा सुरू होतो आणि दुसरा, तिसरा करत वेचणी जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत लांबते. मध्येच तूर येते, पाण्याची सोय असेल तिथे हरभरा येतो. मजूर बाईच्या हाती वर्षातला जास्तीत जास्त पैसा येतो तो याच वेचणीच्या दिवसांत, कारण वेचणी किलोवर असते आणि हात चालेल तेवढी कमाई होते. आता परीक्षेचं वर्ष पाहा. १७ नंबरचा फॉर्म भरायचे दिवस साधारण जुलै ते सप्टेंबर, म्हणजे निंदणाचे. खरा अभ्यास नोव्हेंबर ते जानेवारी, म्हणजे वेचणीचा. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. नापास झालेल्यांची पुरवणी परीक्षा पूर्वी ऑक्टोबरात असायची, म्हणजे सोयाबीनमध्ये. आता ती निकालानंतर लगेच जून-जुलैत होते, म्हणजे पेरणीत. पऱ्हाटी आणि परीक्षा यांचं भांडण असं बारा महिने चालतं.

हे कोणी मुद्दाम केलेलं नाही. ज्याच्या घरी वावर नाही किंवा वावर असलं तरी त्याला वावरात जायचं नाही, अशा मुलासाठी हे वेळापत्रक आखलेलं आहे. गंमत अशी, की विदर्भासाठी वेळापत्रक वेगळं असू शकतं हे सरकारला माहीत आहे. उन्हामुळे आपल्या शाळा बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. ऊन मोजलं गेलं, कापूस मोजला गेला नाही.

मोठ्या वयात दहावी-बारावी कशाला हवी, असं विचारणारे घरातच असतात. उत्तर अगदी व्यवहाराचं आहे. अंगणवाडी सेविका व्हायचं तर आता बारावी लागते. वय ३५ पर्यंत, विधवा असेल तर ४० पर्यंत, आणि बाई त्याच गावची रहिवासी हवी. एएनएमच्या शिक्षणाला ३५ ही वरची मर्यादा आहे. थेट निवडून येणाऱ्या सरपंचासाठी १९९५ किंवा त्यानंतरचा जन्म असेल तर किमान सातवी पास असावं लागतं, आणि ही मंडळी आता तिशीत आलेली आहेत. आयटीआयला मात्र वयाची वरची अट नाही, चौदा वर्षं पूर्ण असली की पुरे. ही गोष्ट मी सांगतो तेव्हा चाळिशीतले गवंडी आणि वायरमनच्या हाताखाली काम करणारे लोक माझ्याकडे संशयाने पाहतात. म्हणून पहिला सल्ला असा, की आधी पुढची जागा ठरवा, तिची वयाची अट वाचा, आणि तिथून मागे मोजत या. ३३ वर्षांची आठवी झालेली बाई अंगणवाडीचं स्वप्न पाहत असेल, तर दहावीला एक वर्ष आणि पुढे बारावीला दोन हे गणित तिला जेमतेम बसतं किंवा बसत नाही. ते आधी कळलेलं बरं. बसत नसेल तर आयटीआय किंवा दुसरी वाट धरता येते.

आता दारं. सर्वांत ओळखीचं दार म्हणजे राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म. तो ऑनलाइन भरायचा, संपर्क केंद्र म्हणून एक शाळा निवडायची आणि कागद त्या शाळेत नेऊन द्यायचे. आपल्या पाचही जिल्ह्यांचं विभागीय मंडळ अमरावतीला आहे. दहावीसाठी किमान पाचवी पास असणं आणि वयाची चौदा वर्षं पूर्ण असणं ही अट आहे. ज्यांची पाचवीही झालेली नाही त्यांच्यासाठी राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ आहे, ते पाचवी आणि आठवीच्या पातळीची परीक्षा घेतं. अक्षरओळखच नसेल तर केंद्राचा ‘उल्लास’ साक्षरता कार्यक्रम आहे. त्यात वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांची प्रत्येकी ५० गुणांची चाचणी असते.

दुसरं दार आपल्याकडे कमी लोकांना माहीत आहे, ते म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचं, ज्याला एनआयओएस म्हणतात. माझ्या मते कापसाच्या मुलखासाठी हे दार जास्त सोयीचं आहे. कारण सरळ आहे. परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात. पाच विषय एकदम द्यावे लागत नाहीत. एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षं आणि नऊ संधी मिळतात, आणि पास झालेला विषय पासच राहतो. एप्रिल-मे म्हणजे वेचणी आटोपलेली, पेरणीला अवकाश, वावर रिकामं. दर उन्हाळ्यात दोन विषय काढले तरी तिसऱ्या उन्हाळ्यात दहावी हातात येते. दहावीच्या पातळीवर मराठी माध्यमही आहे. तक्रारीची बाजू म्हणजे केंद्रं लांब असतात आणि अभ्यास जवळपास एकट्याने करावा लागतो. राज्य मंडळाचं पुस्तक शेजारच्या पोराकडे सापडतं, हे पुस्तक सापडत नाही. प्रवेश घेण्याआधी आपल्याला हवा तो विषय मराठीत आहे ना आणि केंद्र किती लांब पडेल, हे दोन प्रश्न विचारून घ्यावेत.

तिसरं दार यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं. हे विद्यापीठ १९८९ साली नाशिकला सुरू झालं आणि त्याचं विभागीय केंद्र अमरावतीला आहे. बारावी न झालेल्या प्रौढांसाठी त्यांनी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम ठेवला, आणि त्या वाटेने गेलेले कितीतरी पदवीधर मला माहीत आहेत. मी स्वतः याच विद्यापीठातून चाळिशीनंतर बी.ए. झालो. पण एक ध्यानात ठेवा. काही भरत्यांमध्ये पदवी असली तरी बारावीचं प्रमाणपत्र वेगळं मागतात. ज्यांना ज्ञानासाठी किंवा बढतीसाठी पदवी हवी त्यांनी ही वाट खुशाल धरावी. ज्यांचा डोळा सरकारी जाहिरातीवर आहे त्यांनी जाहिरातीतली पात्रतेची ओळ आधी वाचावी.

दारं अशी उघडी आहेत, पण उंबरठ्यावर एक कागद आडवा येतो, शाळा सोडल्याचा दाखला. १७ नंबरसाठी मूळ दाखला लागतो. तो हरवला असेल तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र. बायांच्या बाबतीत इथेच निम्मी हिंमत खचते. दाखला माहेरच्या शाळेत असतो आणि माहेर दोन तालुके पलीकडे. दाखल्यावर नाव बापाचं, आधारवर नवऱ्याचं, आणि जन्मतारीख गुरुजींनी लावली ती. माझा अनुभव सांगतो. दाखला मागताना नुसता ‘दाखला द्या’ असा शब्द टाकू नये. आपण कोणत्या साली पहिलीत बसलो याचा अदमास घेऊन ‘दाखलखारीज रजिस्टर पाहू द्या’ असं म्हणावं. जिल्हा परिषदेच्या शाळांत हे रजिस्टर जपलेलं असतं. आपल्याकडे जातीच्या पुराव्यासाठी कोतवाल बुकं शोधायची लोकांना इतकी सवय झाली आहे, की जुना कागद मागितला म्हणून आता कोणी हसत नाही. शाळाच बंद पडली असेल तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारावं, रजिस्टर कुठल्या शाळेकडे गेलं ते तिथे कळतं.

नावाचं म्हणाल तर शिक्षणाच्या सर्व कागदांवर दाखल्यावरचंच नाव चालू द्यावं. गुणपत्रिका त्याच नावाने येते. पुढे नोकरीच्या वेळी विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद जोडता येते. एक गुणपत्रिका माहेरच्या नावाची आणि दुसरी सासरच्या, असं झालं की मग खरी फरफट. जात, उत्पन्न, रहिवासी अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांना २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. तरी साध्या कागदाऐवजी स्टॅम्प पेपर आणायला लावणारे भेटतात, आणि माणसं घाबरून आणतात.

पैशाचा हिशेब मी थोडा वेगळ्या पद्धतीने करतो. परीक्षेची फी वही-पेनाच्या खर्चासकट फार मोठी नसते. मोठा खर्च असतो तो पडलेल्या रोजाचा. दाखल्यासाठी एक दिवस, तो दुरुस्त करायला दुसरा, संपर्क केंद्रावर दोन चकरा, हॉल तिकिटासाठी एक आणि परीक्षेचे दिवस वेगळे. समजा असे पंधरा दिवस पडले आणि रोज ३०० रुपये धरला, तर साडेचार हजार रुपये गेले. हा आकडा कोणत्याही माहितीपत्रकात छापत नाहीत. तो कमी करता येतो. गावातल्या चार जणींनी एकदम फॉर्म भरावे, संपर्क केंद्राची शाळा एकच निवडावी आणि चकरा वाटून घ्याव्यात. एसटीत मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे माहेरची चकर पूर्वीइतकी महाग राहिलेली नाही. पुस्तकं विकत घेण्याआधी बालभारतीच्या संकेतस्थळावर पाहावं, तिथे ती फुकट उतरवता येतात. तरी मोठ्या माणसाने छापील पुस्तकच वापरावं असं मी म्हणेन. मोबाईल घरात सर्वांचा असतो, पुस्तक आपलं असतं. नुकत्याच दहावी झालेल्या पोरांकडे ते एप्रिलनंतर निम्म्या किमतीत मिळतं.

शिष्यवृत्त्यांचं चित्र मोठ्यांसाठी फारसं उजेडाचं नाही, पण एक योजना मी दिसेल त्याला सांगतो. इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी असलेल्या कामगाराच्या दोन मुलांना पदवीच्या शिक्षणासाठी वर्षाला २० हजार रुपये मिळतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण तीच मदत कामगाराच्या पत्नीलाही मिळू शकते, ही ओळ फारसं कोणी वाचत नाही. नोंदणीसाठी मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला आणि १८ ते ६० वय लागतं. अकोल्यात गवंडीकाम करणाऱ्या एकाने हे ऐकून मला विचारलं, “म्हंजे मायी बायको शिकली तं पैसे मले भेटतीन?” मी म्हटलं, तिलाच मिळतील. तो थोडा हिरमुसला, पण कागद घेऊन गेला. मुक्त विद्यापीठातला आपला अभ्यासक्रम त्या मदतीत बसतो का, हे प्रवेशाआधी मंडळाच्या कार्यालयात विचारून घ्यावं.

बचत गटांबद्दलही बोललं पाहिजे. गटातून मुलाच्या फीसाठी, मुलीच्या लग्नासाठी, बियाण्यासाठी कर्ज उचललं जातं. स्वतःच्या फीसाठी उचललेलं मी क्वचितच पाहिलं. तशी मनाई कुठेच नसते. बाईला ते मागताना लाज वाटते, एवढंच.

ही लाज कुठून आली याचा मी बराच विचार केला आहे. शिक्षणाचा आग्रह तर वऱ्हाडाच्या मातीतला. गाडगेबाबा अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावचे. भांडी विका, हातावर भाकर घेऊन खा, पण पोरांना शाळेत घाला, हे ते कीर्तनातून जन्मभर सांगत फिरले. पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. खेड्यातली पोरं शहरात राहू शकत नाहीत म्हणून श्रद्धानंद छात्रालय काढलं आणि सर्व जातींची मुलं एका पंगतीत बसवली. म्हणजे ‘शिकणं परवडत नाही’ या प्रश्नाला वऱ्हाडाने दिलेलं उत्तर होतं वसतिगृह. ते त्या काळी बरोबर होतं आणि त्याने पिढ्या घडवल्या. आजही पंजाबरावांच्या नावाने सरकारची योजना आहे ती वसतिगृह निर्वाह भत्त्याचीच. पण वसतिगृह सोळा वर्षांच्या पोराच्या उपयोगाचं. ज्या माणसाची चूल पेटलेली आहे, ज्याच्या दारात बैल आहे, ते चूल आणि बैल सोडून कुठे राहायला जाणार? आईबापांनी भाकर हातावर घ्यायची आणि पोरांनी शिकायचं, या वाटणीत आईबापांचा शिकण्याचा वाटा राहूनच गेला.

महाराष्ट्रात दुसरं उत्तरही होतं आणि ते जुनं होतं. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. त्यांनी माणसाला शाळेकडे आणण्याऐवजी शाळाच त्याच्या रिकाम्या वेळेत नेली. मुंबईत रात्रशाळा पुढे रुजल्या, आपल्याकडे तो विचार हवा तसा रुजला नाही. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी लुगडी नेसलेल्या त्या आज्यांची छायाचित्रं सर्वांनी पाहिली असतील. छायाचित्रात दिसत नाही ती गोष्ट अशी, की ती शाळा घरची आणि वावरातली कामं आटोपल्यावर, दुपारी भरायची. इंग्लंडच्या मुक्त विद्यापीठाने १९७१ मध्ये पहिले विद्यार्थी घेतले, तेव्हा धडे रेडिओ-दूरदर्शनवर लावले तेही नोकरदाराच्या वेळा पाहूनच. वेळेचा प्रश्न सोडवल्याशिवाय मोठ्यांचं शिक्षण पुढे सरकत नाही, हे ठिकठिकाणी लोकांनी आपापल्या परीने ओळखलं आहे.

आता अभ्यासाचं. सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे “मले काई आठवत नाई भाऊ, निस्तं वाचते अन् इसरते.” वाचून विसरणं हा वयाचा दोष नाही, ती वाचण्याची रीतच तशी आहे. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं, की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं आणि थोड्या थोड्या अंतराने उजळणी केली तर टिकतं. पुढे २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोन अमेरिकी संशोधकांनी असं दाखवलं, की धडा पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून पाहणाऱ्याच्या लक्षात आठवडाभरानंतर जास्त राहतं. वेचणीच्या दिवसांत ही रीत फार उपयोगी पडते, कारण तिला टेबल-खुर्ची लागत नाही. सकाळी चुलीपाशी इतिहासाचं एक पान वाचायचं, पुस्तक घरी ठेवायचं आणि ओळीने वेचताना शेजारणीला तो धडा सांगायचा. जिथे अडखळलं तेवढंच रात्री पाहायचं. बोरगाव मंजूकडच्या दोघी जणी असं करत. त्यातली एक परीक्षेला बसलेलीच नव्हती, पण भूगोल तिलाही पाठ झाला.

गणिताची धास्ती सर्वांना असते. तिच्यावर अर्धा उतारा नियमातच आहे. गणित आणि विज्ञान मिळून ७० गुण आणि प्रत्येकात किमान २५ असले तरी पास धरतात. तिन्ही भाषांचंही तसंच, मिळून १०५ आणि प्रत्येकीत किमान २५. म्हणजे विज्ञानात ४५ काढणाऱ्याला गणितात २५ पुरतात. शिवाय १०० पैकी २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. ते संपर्क केंद्राच्या शाळेतून मिळतात, म्हणून तिथली तोंडी परीक्षा आणि प्रात्यक्षिक कधीही चुकवू नये. बाहेरून बसणाऱ्यांपैकी बरेच जण याला गौण समजतात. बीजगणितात सुरुवात पहिल्या धड्यापासून करायलाच हवी असं नाही. ‘अर्थनियोजन’ आणि ‘सांख्यिकी’ हे धडे आधी घ्यावेत. जी बाई ३७ किलो कापसाची मजुरी काट्यापाशी उभ्या उभ्या तोंडी करते आणि मापात मारलेला अर्धा किलो पकडते, तिला टक्केवारी आणि सरासरी परकी नाही. तिला परकी आहे ती प्रश्नाची भाषा. म्हणून आधी प्रश्न मोठ्याने वाचून आपल्या बोलीत सांगायचा आणि मगच पेन उचलायचं. इंग्रजीसाठी मला असा जवळचा रस्ता सापडलेला नाही. उताऱ्यावरचे प्रश्न, पत्र आणि रोज पाच शब्द, एवढ्यावर पासापुरते गुण निघतात.

शिकायला जागा हा शहरात वेगळा प्रश्न. अमरावतीत पैसे भरून बसायच्या अभ्यासिका गल्लोगल्ली आहेत, पण तिथे सगळी स्पर्धा परीक्षेची पोरं, आणि चाळिशीची बाई दारातूनच परत फिरते. त्यापेक्षा सार्वजनिक वाचनालय बरं. अकोल्यात बाबूजी देशमुख वाचनालय आहे, अमरावतीत शासकीय विभागीय ग्रंथालय आहे. खेड्यात अनुदानित वाचनालयाला खोली असते आणि दुपारी ती बहुधा रिकामी असते. किल्ली कोणाकडे असते ते विचारायचं, एवढंच.

आणि हात. याकडे कोणी लक्ष देत नाही. वीस वर्षं विळा आणि खुरपं धरलेल्या हाताला पेन जड जातं. उत्तर येत असूनही पेपर सुटतो, कारण तासाभराने बोटं आखडतात. डिसेंबरपासून रोज अर्धं पान लिहावं, मग एक पान करावं, आणि जानेवारीच्या शेवटी वेचणी ओसरली की सुट्टीच्या दिवशी घड्याळ लावून दोन तास सलग लिहून पाहावं. काय लिहावं ते सुचत नसेल तर मराठीच्या पुस्तकातला धडा उतरवून काढावा. पऱ्हाटीच्या बोंडांनी बोटांना चिरा पडलेल्या असतात त्या दिवसांत जाड पेन घ्यावं आणि झोपताना बोटांना खोबरेल लावावं. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात वेचणीला जाणं शक्य असेल तर टाळावं, आणि शक्य नसेल तर निदान उजव्या हाताला कापडाची पट्टी बांधून जावं.